मालकांचा भाचा येतोय

इस्टेट एजंट जोतीरामने बावीस वर्षांच्या धंद्यात एकाही माणसाला घर नाकारलेलं नव्हतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्याच्या दीड टेबलाच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला तो हे छातीठोकपणे सांगे, आणि ते शब्दशः खरं होतं. तो नुसतं विचारी, "पाव्हणं कुठलं?" मग गाव, मग गावात घर कुठल्या आळीला, मग सोयरीक कुणाकडची. तीन प्रश्नांत समोरचा माणूस आरपार दिसे. दिसला की जोतीराम मनापासून हळहळे, "आवं, कालपत्तोर मोकळं हुतं. आता मालकांचा भाचा येतोय ऱ्हायाला."

यंदा मात्र सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या एजंट संघाने शिरवळच्या एका हॉटेलात एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. विषय होता, 'भेदभावाच्या तक्रारी कशा टाळाव्यात'. पुण्याच्या प्रशिक्षकांनी पडद्यावर यादी दाखवली: जात विचारू नये, धर्म विचारू नये, घरात काय शिजतं ते विचारू नये, एकट्या बाईला लग्नाचं विचारू नये. जोतीरामने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी हात वर केला.

"साहेब, 'पाव्हणं कुठलं' ह्ये चालतंय न्हवं?"

प्रशिक्षकांनी यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. तो प्रश्न यादीत नव्हता. "चालतं," ते म्हणाले. सभागृहाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मंडळी जेवायला उठली.

जेवणानंतर संघाने 'भेदभावमुक्त मध्यस्थ' असं प्रमाणपत्र जाहीर केलं. ते ज्याच्याकडे असेल त्यालाच शिरवळच्या एका नव्या कारखान्याच्या कामगारांसाठी घरं शोधायचं काम मिळणार होतं. अट एकच. कुणाला घर देता आलं नाही, तर कारण नोंदवहीत लिहायचं आणि वही संघाकडे पाठवायची. जोतीरामला यात अडचण दिसली नाही. ते कारण त्याच्याकडे बावीस वर्षांपासून तयार होतं.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर राणी आली. राणी सरकारी दवाखान्यात परिचारिका. हॉस्टेलची खोली तिला महिनाअखेर सोडायची होती आणि गुडघ्याने अधू झालेल्या आईला गावाहून आणायचं होतं. गोदावरीबाईंचा तळमजल्याचा फ्लॅट दवाखान्यापासून पाच मिनिटांवर होता. राणीला तो बघताक्षणी आवडला. आईला एकही पायरी चढावी लागणार नव्हती.

"पाव्हणं कुठलं?" जोतीरामने विचारलं.

"विट्याजवळचं."

"गावात कुठं?"

"गावात न्हाई. वढ्याच्या पलीकडं वस्ती हाय आमची."

तिसऱ्या प्रश्नाची गरज उरली नाही. जोतीराम हळहळला आणि वहीत लिहिलं, 'मालकांचा भाचा राहावयास येत असल्याने'.

आठ दिवसांनी राणी पुन्हा आली. फ्लॅटवर 'भाड्याने देणे आहे' ची पाटी तशीच होती. "भाचा आला न्हाई वाटतं?"

"दक्षिणंत सोनं गाळायचं, गलाईचं दुकान हाय त्याचं. आवराआवर चाललीय."

पुढच्या आठवड्यात भाचा बंगळूरपर्यंत आला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याला कावीळ झाली. राणीने काविळीचं पथ्य एका कागदावर व्यवस्थित लिहून दिलं आणि "भाच्याला द्या" म्हणाली. जोतीरामने कागद खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्यासाठी चहा मागवला.

इकडे संघाच्या कचेरीत वही वाचून पदाधिकारी भारावले. सदतीस अर्जदार, सदतीस घरं, नकार शून्य, भेदभाव शून्य! सगळी घरं भाच्यांनी भरलेली. एवढी स्वच्छ वही दोन्ही जिल्ह्यांत नव्हती. प्रमाणपत्र जोतीरामलाच द्यायचं ठरलं. आता फक्त नमुन्यादाखल एका घराची पाहणी करायची होती. तपासनीस सोमवारी येतील, पहिल्या पानावरचंच घर बघतील आणि भाच्याला भेटतील, असं पत्र शनिवारी आलं.

जोतीराम धावत गोदावरीबाईंकडे गेला. "बाईसाहेब, एखादा भाचा द्या. दोन दिसांपुरता."

"कुठून देऊ?" गोदावरीबाई म्हणाल्या. "मी एकुलती एक. ह्यांना बहीण नव्हती. भाचा तुझा आहे, तूच आण. आणि नाही आणलास, तर 'असल्या माणसांना घर देऊ नको' हे मी चावी देताना बोलले होते, ते कुठे बोलायचं नाही."

शनिवारची दुपार जोतीरामने भाचा शोधण्यात घालवली. भांडीकुंडी घेऊन एका दिवसात राहायला येईल, त्याच फ्लॅटची ज्याला खरोखर गरज असेल, असा माणूस हवा होता. त्याने पुष्कळ डोकं खाजवलं. सबंध सांगलीत तसं एकच माणूस होतं.

राणीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "भाची मी व्हते की. पर करार माझ्या खऱ्या नावानं. आजच, आन रीतसर नोंदवून."

"आगं, पन त्या बाई..."

"मग भाच्याची कावीळ तपासनिसाला तुमीच समजावून सांगा."

करार झाला. गोदावरीबाईंनी सही करताना नाव वाचायचं टाळलं. रविवारी राणीची आई टेम्पोतून उतरली आणि एकही पायरी न चढता घरात गेली. राणीला दारातच रडू आलं, तिने पदराने डोळे पुसले आणि ट्रंक आत ओढली.

सोमवारी तपासनीस आले. "नोंद भाच्याची आहे. इथे तर भाची दिसते."

"तितं बी भेदभाव केला न्हाई साहेब," जोतीराम म्हणाला. "पोरगा-पोरगी आमाला सारखीच."

तपासनिसांनी हे विशेष शेरा म्हणून लिहून घेतलं. मग सहज गोदावरीबाईंना विचारलं, "भावाची का नणंदेची?"

जोतीराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. तेवढ्यात कॉटवरून राणीची आई बोलली, "भावाचीच की. गोदाक्का माजी नणंद. आवं वन्सं, उभ्या का? बसा, च्या घ्या."

तिने स्वतः कप पुढे केला. गोदावरीबाई कपाकडे बघत राहिल्या. ओढ्यापलीकडच्या माणसांच्या हातचं त्यांनी साठ वर्षांत पाणीही घेतलं नव्हतं. पण तपासनीस पेन उघडून बघत होते. बाईंनी डोळे मिटले आणि चहा प्यायला. साखर बरोबर होती. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

तपासनीस खूश झाले. निघताना त्यांनी राणीकडे वळून, अगदी आपुलकीने, विचारलं, "मग, तुमचं पाव्हणं कुठलं?"

"ह्या काय," राणीने गोदावरीबाईंकडे बोट केलं. "ह्यांचंच."

जोतीरामचं प्रमाणपत्र आता ऑफिसात, गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलेलं आहे. समारंभात संघाने जाहीर केलं, की एवढ्या आदर्श कामाचा अभ्यास व्हावा म्हणून उरलेल्या छत्तीस घरांचीही पाहणी होईल. तेव्हापासून जोतीराम एकेका मालकाला फोन करून वहीतल्या अर्जदारालाच भाचा करून घ्यायला सांगतो आहे. छत्तीस जणांनी त्याला जे फोनवर खालच्या आवाजात सांगितलं होतं, ते त्याने वहीत लिहिलेलं नाही, पण त्याच्या चांगलं लक्षात आहे. तुमचाही एखादा फ्लॅट सांगली-साताऱ्याकडे असेल, चावी एजंटकडे देताना "माणसं जरा बघून" एवढंच तुम्ही म्हणाला असाल, तर तुमचा भाचा बंगळूरपर्यंत आलेला आहे. चहाला आधण ठेवा.