तुळशीरामजींची भरती

आमच्या नांदुऱ्याला समुद्र नाही आणि त्याची कुणाला खंतही नाही. तरी माझे शेजारी तुळशीरामजी अर्धा चहा तसाच ठेवून उठतात आणि म्हणतात, "चालतो भाऊ, भरती येऊन राह्यली."

ही भरती त्यांच्या अंगणात येते. तिथं प्लास्टिकचा एक कापलेला ड्रम आहे, ड्रममध्ये गाळ आणि गाळात कांदळाचं रोप. कांदळ म्हणजे कोकणातल्या खाडीत वाढणारं झाड. त्याला खारं पाणी लागतं, आणि ते नुसतं साचून चालत नाही. यायला हवं, जायला हवं. तुळशीरामजी बोअरच्या पाण्यानं ड्रम भरतात, ती भरती. काही तासांनी तळाचं बूच काढतात, ती ओहोटी. समुद्राचं काम हा गृहस्थ लुंगी खोचून एकटा करतो.

"आपलं पानी खारं, त्यायचं बी खारं. मंग जगत नाही म्हंजे काय?"

आमच्या खारपाणपट्ट्यातल्या या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून सगळे बोअरला नावं ठेवतात. त्याचा अभिमान बाळगणारा हा एकच माणूस.

त्यांची हयात जिनिंगमध्ये गेली. कापूस चिमटीत धरायचा, धागा ओढून पाहायचा आणि नाक मुरडायचं, हा त्यांचा धंदा. एकुलत्या एका मुलीनं, वैशालीनं, नर्सिंग शिकताना कोकणातला मुलगा पसंत केला, तेव्हा ते नाक तयार ठेवूनच तिकडे गेले. शेती कुठं आहे विचारलं, तर जावयानं खाडीतला चिखल आणि त्यातली झाडी दाखवली.

"मी म्हनलं, पोरीले गाळात घातलं आपन," ते सांगतात.

दुसऱ्या सकाळी विहीणबाई पाटी घेऊन त्याच चिखलात उतरल्या आणि खेकडे, कालवं भरून वर आल्या. तुळशीरामजींचा चहा संपायच्या आत पाटी विकली गेली. त्या दिवशी कापूस त्यांच्या मनातून उतरला. गेल्या वर्षी पुन्हा तिकडे गेले, तेव्हा येताना त्यांनी कांदळाची हिरवी शेंग ओल्या टॉवेलात गुंडाळून आणली.

आता माझ्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ठाण उलगडून बसलेलं असतं आणि हे सुरू होतात. "पेरनी नाही, निंदन नाही, फवारनी नाही. मुळ्यायच्या खाली खेकडे. बारकी मच्छी तिथंच वाढते, मंग समुद्रात जाते, मंग जाळ्यात येते. लाट आली तं पयले झाडाच्या अंगावर, मांगची भातशेती वाचते. झाडं तोडली तं सारं गाव बसलं. कापूस करते का हे?"

कापूस हे करत नाही असं मी लगेच मान्य करतो, कारण मला गिऱ्हाईक सांभाळायचं असतं.

तिकडच्या खाडीतल्या भरतीची वेळ रोज पुढं सरकते. ती वेळ वैशाली दवाखान्यात ड्यूटीवर निघताना फोन करून सांगते. तो फोन घ्यायला तुळशीरामजी अंघोळीतूनही बाहेर येतात.

परवा बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्या अंगणात गेलो. ड्रममध्ये एक काळी काडी उभी होती. नखानं खरवडून पाहिली, आत हिरवं काहीच नव्हतं.

"तुळशीरामजी, हे तं मेलं."

"हाव," बादली भरता भरता ते म्हणाले, "होळीच्या आंधीच गेलं."

तेवढ्यात फोन वाजला. "हाव माय, भरूनच राह्यलो. पानं? दोन नवी फुटली पाहाय." मग खेकड्यांची चौकशी झाली, विहीणबाईंच्या गुडघ्याची झाली, नातीचा पडलेला दात झाला. इतका बोलका माणूस मी दुकानातही पाहिला नव्हता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "खोटं काऊन सांगता? वैशाली दुसरी शेंग पाठवन."

"अन् थे बी मेली तं?"

ते बादलीकडे बघत म्हणाले, "तिची माय गेली तवापासून आमाले बोलाले काही सुचेच नाही. सणाले फोन ये. कसे आहा, बरा हाय, संपलं. आता रोज येते. झाड मेलं म्हनून सांगतलं तं पोरगी फोन कायच्यापायी करन?"

तुळशीरामजींनी बादली उचलली. काडी कलंडू नये म्हणून ते पाणी ड्रमच्या कडेनं हळूहळू सोडत होते.