धाकटे साहेब आजारी पडले तेव्हा

वरिष्ठ कार्यालयातल्या महाभागांनो, हे पाप तुमचं! सहीचं यंत्र तुम्ही पाठवलंत. "यापुढे सहीवाचून एकही कागद अडणार नाही," अशी ग्वाही छाती ठोकून तुम्हीच दिलीत! मग आमच्या कारकुनाचं काय झालं, ते आता निमूट ऐका.

यंत्र म्हणजे टेबलावरचा एक लोखंडी हात. चिमट्यात पेन अडकवायचं, बटण दाबायचं, की तो करकरत साहेबांची सही काढायचा. शेपटीखालच्या दोन टिंबांसकट! साहेबांनी पेन धरणंच सोडलं. ऑफिस यंत्राला 'धाकटे साहेब' म्हणू लागलं. खरं तर थोरले तेच होते.

कारकुनाला गुरुवारची रजा हवी होती. थोरल्या बहिणीच्या डोळ्यांवरची पट्टी त्या दिवशी दवाखान्यात सुटणार होती. आईमागे त्याला तिनेच वाढवलेलं. "पट्टी सुटली की समोर मीच उभा असेन, ताई," असं तो बोलून बसला होता.

नेमका बुधवारी धाकट्या साहेबांचा खांदा आखडला!

"त्यात काय! आणा इकडे," म्हणत साहेबांनी अर्जावर स्वतः सही ठोकली. कारकून तो घेऊन आस्थापनेच्या बाईंकडे गेला. बाईंनी चष्मा पुसला, नमुन्याची सही काढून ताडून पाहिली.

"काय हो, शोभतं का या वयात? ही सही आहे की पालीची तुटकी शेपटी?"

"बाई, साहेबांनी माझ्या डोळ्यांदेखत केलीय!"

"टिंबं कुठायत? उद्या गैरहजर राहिलात, तर खोट्या सहीचा रिपोर्ट करीन!"

साहेब तणतणत खाली आले. बाईंसमोर सही केली. जुळेना! पुन्हा केली. ती पहिलीशीही जुळेना!

"तुमच्याबद्दल शंका नाही, साहेब," बाई अदबीने म्हणाल्या. "शंका सहीबद्दल आहे."

"अहो, पण नमुन्यातली सही माझीच ना?"

कारकुनाने मान खाली घातली. नमुन्याचा कागदही गठ्ठ्यातून यंत्राखालीच गेला होता!

मग काय! साहेब स्वतःची सही गिरवायला बसले आणि कारकून शिकवायला. "शेपटी वर, साहेब... इतकी नको!... टिंबं राहिली." बुधवार त्यात गेला. गुरुवारही त्यातच चालला. शेवटी मेकॅनिक उगवला, त्याने तेलाचा थेंब सोडला आणि धाकटे साहेब खडखडीत बरे! पहिलीच सही कारकुनाच्या अर्जावर. गुरुवारची रजा मंजूर!

बाहेर गुरुवारचे दिवे लागले होते.

तो दवाखान्यात पोहोचला, तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती.

"सगळं लख्ख दिसलं रे," ती म्हणाली. "डॉक्टर दिसले, नर्स दिसली, छतावरचं जळमटसुद्धा दिसलं. तूच तेवढा दिसला नाहीस."

तेव्हा महाभागांनो, त्याने ताईला काय सांगायचं? उत्तर हवंय, आणि लेखी हवंय! खाली सही मात्र यंत्राचीच असू द्या. हातची आमच्या बाई मानत नाहीत.