परातीतली विहीर

हबीबचाचा परातीतल्या पाण्यावर ओरडायचे. "सरळ काऊन हालून राह्यलं बे? विहिरीचं पाणी असं हालते का?" स्टोव्ह-कंदील दुरुस्तीला घेऊन आलेली गिऱ्हाइकं हे ऐकून दुकानाच्या दारातच थबकत. मेहकरला माझं बिऱ्हाड त्या दुकानाला लागूनच होतं. तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून मीही नवी होते.

दुकान पोटासाठी, चाचांचा जीव नाटकाच्या देखाव्यात. परातीत पाणी, पाण्यात तिरपा आरसा, त्यावर खिडकीतून उन्हाची तिरीप. एवढ्या सामानावर ते पांढऱ्या पडद्यावर पाणी उभं करत. घागरीची लाट वेगळी, बेडकाची वेगळी, पाय घसरलेल्या माणसाची तर फारच वेगळी. एकीला बोट, दुसरीला कंगवा, तिसरीला कोंबडीचं पीस.

"चाचा, बघणाऱ्याला एवढा फरक कळतो का?" मी एकदा विचारलं.

ते दुखावले. "पाण्याले कळते ना, बाई!"

गॅदरिंगच्या नाटकात सुनेची भूमिका माझ्या गळ्यात पडली. ती पाणी काढताना विहिरीत पडते. पुढे पुठ्ठ्याचा कठडा, त्याच्यामागे गादी, आणि मागच्या पडद्यावर चाचांचं पाणी. टेबलावरून गादीवर पडायचं, एवढंच माझं काम. पण पहिल्या तालमीत ते काळं-चंदेरी पाणी हलायला लागलं आणि मी टेबलाच्या कडेलाच अडून राहिले. मला पोहता येत नाही. ते पाणी खोटं आहे हे मला ठाऊक होतं, माझ्या पायांना नव्हतं.

मी चाचांना तसं सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते माझ्याहून जास्त घाबरले! त्या दिवसापासून नियम झाला: पडल्यावर मी आतून टेबलाच्या फळीवर दोनदा टकटक करायची. ती ऐकू आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही.

"अहो, गादी आहे ती, विहीर नाही!" हेडमास्तर वैतागायचे.

"आवाज येऊ द्या सर, मंग बोला."

प्रयोग दुपारी होता. हॉलच्या खिडक्यांना गोणपाट लावलेलं, एकच फट उघडी. पडद्यावर पाणी हललं तशा पुढच्या बायांनी तोंडाला पदर लावले. मी डोळे मिटून पडले.

गादी सरकलेली होती. पाठ फरशीवर आपटली आणि श्वासच अडकला. हात उचलेना, ओरडता येईना. बाहेर टाळ्यांचा कडकडाट. "पुढचा प्रवेश!" हेडमास्तर कुजबुजले. पडद्यावर माझी लाट पसरत चालली होती. लोक टाळ्या वाजवून घरी जातील आणि मी इथेच पडून राहीन, असं वाटून मी गारठले.

तेवढ्यात परात कोसळल्याचा आवाज आला.

"थांबवा! बाईचा आवाज नाही आला!" प्रयोग चालू असताना परातीपासून कधीही न हलणारे चाचा भर रंगमंचावरून धावत आले आणि कठडा फाडून आत शिरले. लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं, हे नाटकातच आहे. चाचांनी मला उठवून बसवलं, पाठ चोळली. "श्वास घ्या बाई, घ्या ना श्वास!" त्यांचे दात वाजत होते. शेवटी माझा श्वास सुटला.

नंतर आम्ही शाळेच्या ऑफिसात बसलो. चाचा परातीतल्या पाण्याने चिंब झाले होते.

"माफ करा बाई. खेळ बिघडवला तुमचा."

"चाचा, तुम्ही होतात म्हणून..."

त्यांनी मान हलवली. सदऱ्याचं टोक पिळत राहिले.

"सलमा होती माही लहान बहीण. मळ्यात पाणी आणायले गेली, आलीच नाही. मी पळत विहिरीवर गेलो, वाकून पाह्यलं. पाणी एकदम शांत होतं, बाई. आभाळ दिसून राह्यलं होतं त्यात. मले वाटलं, इथं नाही." त्यांनी ओल्या बाहीने तोंड पुसलं. "मंग मी तिले दुसरीकडं शोधत बसलो."

बाहेर पुढचा प्रवेश सुरू झाला होता, लोक अजून हसत होते. चाचांचा सदरा वाळेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिले.