आधी आ कर, मग रेवडी

माझी शाळा चौथीत सुटली. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, अक्षरही वाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. पण उकंडाजींबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

उकंडाजी बीबी गावच्या आठवडी बाजारात रेवडी, गुळात घोळलेली गुडीशेव, तिखट शेव, फुटाणे विकायचे. पण रेवडी देण्याआधी ते गिऱ्हाइकाचे दात बघायचे.

पोरगं पैसे पुढे करायचं. उकंडाजी तराजूला हात लावत नसत.

"आ कर बे."

मग त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवायचे. बैलाचे दात बघावेत तसे दोन्ही बाजूंनी बघायचे.

"डाव्या दाढेत भोक हाये. तुले फुटाणे भेटतीन, रेवडी नाई."

"मले रेवडीच पाह्यजे!"

"तं मंग तुह्या बापाले घेऊन ये. त्याचेबी पाह्यतो."

मी समोरच मेथी-कोथिंबीर-मुळ्यांची पाटी घेऊन बसायचे. मला ओरडून माल विकता येत नाही, म्हणून माझ्याकडे गर्दी कमी आणि बघायला वेळ भरपूर. शेजारचा भजेवाला म्हणायचा, "उकंडाजी, दुकान टाकलं का दवाखाना?"

"दवाखान्यात सुई टोचते. इथं निस्तं आ करा लागते."

एकदा तलाठी आले. त्यांच्यापुढे आमच्या घरचे टोपी काढून उभे राहतात. उकंडाजी म्हणाले, "साहेब, आ करा." आणि तलाठ्यांनी भर बाजारात आ केला! त्यांना फुटाणे मिळाले.

पण मी थक्क व्हायचे ती त्यांच्या नजरेने. उकंडाजी शाळेत गेलेले नव्हते. तरी एके दिवशी त्यांनी मला सुताराची दोन पोरं दाखवली. थोरला पावशेर रेवडी उभ्या उभ्या संपवायचा आणि वर तांब्याभर पाणी प्यायचा. धाकटा, दात चांगले होते तोवर, चारच रेवड्या घ्यायचा, पण एकेक गालात धरून संध्याकाळपर्यंत चघळायचा.

"बाई, जास्त कोनं खाल्लं?"

"थोरल्यानं," मी हळूच म्हणाले.

"अन् दाढा कोनाच्या काळ्या?"

मी वाकून पाहिलं. धाकट्याच्या.

"गोड किती खाल्लं ते नाई पाहाचं. दातावर किती वेळ बसलं ते पाहाचं."

शेवेलाही त्यांची सूट नव्हती. "तिखट हाये म्हनून भुलू नोका. तिचा भुगा दाढेत घर करते." म्हणून ठेल्यापाशी पाण्याचा तांब्या असायचा. खाऊन झाल्यावर खळखळून चूळ भरल्याशिवाय ते कुणाला हलू देत नसत. हे सारं या माणसाला कुणी शिकवलं असेल, याचा मी मेथीच्या जुड्या बांधता बांधता विचार करायचे.

एका बाजाराला ते आले नाहीत. परतताना मी त्यांच्या घरी डोकावले. उकंडाजी पाट्यावर फुटाणे वाटत बसले होते. पीठ अगदी मैद्यासारखं. जवळ त्यांची बायको द्वारकामाय तापाने पडलेली, तोंडावर पदर. मला पाहून उकंडाजी लाजले आणि पाणी आणायला म्हणून उठून गेले.

"मले चावता येत नाई ना बाई," द्वारकामाय म्हणाली. "लगन झालं तवा मी लहान व्हती. हे दर बाजाराले रेवडीचा चुरा धोतराच्या सोग्यात बांधून आनत. म्या तो आठ दिवस पुरवो. निंदताना, दळताना जरासाक गालात ठेवो. संपला तं याईची आठवन कशानं याव?" ती हसली, पण पदर धरूनच. "एकेक करून सारे दात गेले. याईले वाटते, माहे दात आपल्याच चुऱ्यानं खाल्ले. साऱ्या बाजाराचं तोंड पाह्यतात, माह्या तोंडाकडं पाह्यत नाईत."

जालन्याला एक दातांचा डॉक्टर कवळी करून देतो, हेही तिनेच सांगितलं. दीडशे रुपये सांगितले होते. उकंडाजींनी वर्षानुवर्षं साठवले, तरी चाळीस कमी पडत होते.

माझ्याजवळ मेथीचे साठवलेले पैसे होते. पुढच्या बाजाराला मी चाळीस रुपये त्यांच्या तराजूच्या पारड्यात ठेवले आणि माझ्या पाटीमागे जाऊन बसले.  उकंडाजी उठून माझ्याकडे आले.

"दर बाजाराले दोन रुपये देईन, बाई."

कवळी आली. पहिल्याच दिवशी द्वारकामायने हट्टाने रेवडी मागितली. रेवडी दातांना चिकटली आणि रेवडीसकट कवळीच हातात आली. दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, असं तिनेच मला सांगितलं. उकंडाजी म्हणाले म्हणे, "खाय, किती खाचं ते खाय. हे दात किडत नाईत."

परतफेडीच्या विसाव्या बाजाराला ती त्यांच्यासोबत आली. आली ती सरळ माझ्या पाटीपाशी. पदर खांद्यावरच होता. पाटीतला एक मुळा उचलला, पुसला आणि कडकन चावला. उकंडाजी मागे उभे राहून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. ठेल्यावर गिऱ्हाइकं ओरडत होती, त्यांना ऐकूच येत नव्हतं.

"दुखते का वो?" त्यांनी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली आणि आणखी एक घास तोडला.

मग उकंडाजींनी दोन रुपये माझ्या हातावर ठेवले.

"चाळीस झाले, बाई."