गॅस खाणारे जंतू

गोबरगॅस बांधून तीन महिने झाले तरी शंकरप्पांची शेगडी नुसती फुसफुसत होती, पेटत नव्हती. वडवणीच्या बाजारपेठेत किराणा दुकान चालवणाऱ्या माणसाला हा अन्याय सोसणे शक्यच नव्हते. रोज चार पाट्या शेण आत जायचे आणि बदल्यात काय, तर फुसफुस!

त्यात गॅस सिलिंडरच्या प्रतीक्षायादीतला सात वर्षे जपलेला नंबर त्यांनी मोठ्या ऐटीत चुलतभाऊ केदारनाथला देऊन टाकला होता. आता भिंतीपलीकडे केदारनाथकडे निळी ज्योत जळत होती, आणि अलीकडे त्यांची बायको शांतादेवी चुलीपुढे खोकत डोळे पुसत होत्या. दिवाळीच्या करंज्या बिनधुराच्या तळशील, असा शब्द शंकरप्पांनी त्यांना दिला होता. तो शब्द मोडणार म्हणून शंकरप्पांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

अर्जावर अर्ज गेल्यावर तालुक्याहून राधाकिशन नावाचे तरुण अधिकारी आले. गॅस शेणातले जंतू करतात, नव्या टाकीत त्यांना वेळ लागतो, धीर धरा, असे त्यांनी सांगितले. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण माणूस वाचणारा. समुद्राच्या तळाशी चिखलाचे ज्वालामुखी असतात, तिथल्या गाळातही असेच जंतू गॅस करतात आणि दुसरे जंतू तो वर येण्याआधीच खाऊन टाकतात, हेही त्यांनी चहा पिता पिता सांगितले.

शंकरप्पांनी कप खाली ठेवला. "म्हंजे आमचा गॅस होतोय, पण मधीच कुणीतरी खातंय?"

"ते समुद्रात, आप्पा. इथं नाही."

"समुद्रात खातेत, अन् वडवणीत काहून सोडतील?"

दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या फिनेलची एक बाटली शेणाबरोबर टाकीत जाऊ लागली.

"अवो, त्यानं गॅस करणारे बी मरतील की," शांतादेवी म्हणाल्या.

"ते कशाला मरतील? ते आपले हायेत."

आठवड्यात फुसफुससुद्धा बंद पडली. खाणारे लईच माजलेत म्हणून शंकरप्पांनी दोन बाटल्या सुरू केल्या. तरीही काही होईना, तेव्हा हे सगळे सरकारचेच कारस्थान आहे असे ठरवून ते सतरंजी आणि फलक घेऊन बीडला गेले आणि कचेरीसमोर धरणे धरून बसले. जेवायला आणि झोपायला मेहुण्याचे घर होतेच.

इकडे शांतादेवींनी उरलेले फिनेल दुकानात नेऊन विकले. टाकी उपसून घेतली, ताजे शेण घातले आणि शेजारच्या सुंदरबाईंच्या चालू टाकीतला शेणकाला बादल्या भरभरून आणून ओतला. चोविसाव्या दिवशी शेगडी पेटली. त्यांनी डोळे न पुसता करंज्या तळल्या, डबा भरला आणि बीडची एसटी धरली.

शंकरप्पांनी करंजी हुंगली. धुराचा वास नव्हता. हकीकत ऐकत त्यांनी ती संपवली. मग उठले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा, चोवीस दिवस बसलो तवा सरकार नमलं. सोडला गॅस."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. शंकरप्पा विजयी मुद्रेने सतरंजी गुंडाळू लागले. "चल घरी. आता रोज फिनेल टाकलं पायजे, न्हाईतर हे परत खातेत."

शांतादेवींनी त्यांच्या हातातली सतरंजी काढून घेतली आणि पुन्हा नीट अंथरली.

"तुमी बसा इथंच," त्या म्हणाल्या, "माज्या चकल्या ऱ्हायल्यात अजून."