मांडीचा नमुना

बापूसाहेब वकिलांनी फोन कानाला लावला आणि चहाचा कप तसाच हातात राहिला. पलीकडून विद्यापीठातल्या गीतांजलीबाई बोलत होत्या. व्यायामानं स्नायूच्या पेशीत काय बदलतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. साठीपुढचं एक व्यायाम करणारं माणूस आणि एक न करणारं, अशा जोड्या त्यांना हव्या होत्या. करणारे अर्थात बापूसाहेब. अमरावतीच्या प्रभातफेरी मंडळाचे अकरा वर्षांचे अध्यक्ष. न करणारं माणूसही त्यांनीच शोधून दिलं होतं, बडनेऱ्याहून दारावर भाजी आणणारी गंगूबाई. फॉर्म भरताना तिनं खरं तेच सांगितलं, "वावरातून फुरसत भेटली तं व्यायाम करीन ना साहेब." मग दोघांच्या मांडीतून सुईनं तांदळाएवढा तुकडा काढला होता.

"मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतल्या चुलीच समजा," गीतांजलीबाई म्हणाल्या. "व्यायामानं त्या वाढतात. एका नमुन्यात गच्च भरल्या आहेत. दुसऱ्यात मोजक्याच. दुसरा तुमचा."

रविवारी मंडळाच्या मेळाव्यात हा निकाल जाहीर व्हायचा होता आणि लगेच अध्यक्षाची निवड. यंदा समोर डोमाजी मास्तर उभे होते. विझलेल्या चुलींच्या माणसाला मत कोण देणार?

त्यांच्या पत्नी चारुशीलाबाईंना नवल वाटलं नाही. "बागेला एक चक्कर अन् गिलावड्याच्या गाडीवर पाऊण तास. सुईनं तेवढंच पाह्यलं असन."

पण बापूसाहेबांनी चाळीस वर्षं कोर्टात हार मानली नव्हती. बाटल्यांची अदलाबदल झाली, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुपारपर्यंत मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र तयार झालं: गच्च भरलेला नमुना माझ्याच मांडीचा आहे, हे मी शपथेवर सांगतो. त्याच्या प्रती विद्यापीठात गेल्या, मंडळाच्या सत्तर सभासदांना गेल्या, डोमाजी मास्तरांना तर दोन गेल्या. गीतांजलीबाई वाद घालत बसल्या नाहीत. नमुना पुन्हा तपासू, म्हणाल्या.

शनिवारी त्या स्वतः घरी आल्या. पाणी पिऊन झालं, तरी विषय काढायला त्यांना जड जात होतं.

"साहेब, तुम्ही जो नमुना तुमचा म्हणता, त्याची गुणसूत्रं तपासली. तो बाईमाणसाचा आहे."

बापूसाहेबांनी कायद्यात वाट शोधून पाहिली. एकही सापडेना. चारुशीलाबाईंनी कुंकवाचा करंडा आणला.

"आता शपथेवर लिहून देल्लं. बसा, हळदीकुंकू लावते."

रविवारी डोमाजी मास्तर बिनविरोध निवडून आले. पहिला ठराव झाला गंगूबाईच्या सत्काराचा. ती बाजार सोडून येईना, म्हणून शाल-श्रीफळ पोचवायचं काम माजी अध्यक्षांकडं आलं.

गंगूबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. तिच्या मांडीत चुली फार निघाल्या, हे बापूसाहेबांनी कसंबसं समजावलं. तिचा चेहरा पडला.

"मंग आता गोळ्या घ्या लागन काय?"

रोग नाही, चांगलं आहे, असं ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. नारळ तिनं भाजीत ठेवला. शालीची घडी पिळून चांगली चुंबळ केली, डोक्यावर बसवली आणि म्हणाली, "टोपल्याले जरासा हात लावा साहेब."

बापूसाहेब वाकले. टोपलं वीतभर उचललं आणि पुन्हा जमिनीला टेकलं. गंगूबाईनं त्यांना हळूच बाजूला केलं, गुडघ्यावर घेऊन एका हिसक्यात टोपलं डोक्यावर चढवलं.

"राहू द्या," ती मायेनं म्हणाली. "तुमाले व्यायामाची सवय हाय, कामाची नाई."