चामखिळीचे निर्धोक उच्चाटन

माणसाला खरा धोका चारचौघांना दिसणाऱ्या दोषांपासून नसतो. ते दोष लोक आपल्या माघारी व्यवस्थित सांभाळतात. धोका असतो तो फक्त आपल्यालाच ठाऊक असलेल्या दोषांचा.

कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, कामगारांच्या तोंडी 'सावधान साहेब', यांच्या गळ्याला मिरीच्या दाण्याएवढी एक चामखीळ लोंबत होती. शर्टाचं वरचं बटण लावलं की ती झाकली जाई, आणि साहेबांनी ते बटण नोकरीभर कधी उघडलं नव्हतं. पण सोमवारी निवृत्तीचा फोटो निघणार होता आणि तो कार्यालयाच्या जिन्यात, आधीच्या अधिकाऱ्यांच्या रांगेत, कायमचा लागणार होता.

"ती आत आहे हे माहीत असताना मी हसणार कसा?" त्यांनी बायकोला विचारलं. (एरवीही ते फारसे हसत नसत.)

कारखान्याचे डॉक्टर म्हणाले होते, "घरी हात लावू नका. पाच मिनिटांचं काम आहे, येऊन जा." पण साहेबांनी या डॉक्टरांना कठडा न धरता जिना उतरताना पाहिलं होतं. अशा माणसाच्या हाती मान देणं नियमात बसेना. तेव्हा घरच्या घरी, पण सुरक्षितपणे, दोरा बांधून ती पाडायचं ठरलं. या बाबतीत साहेबांचा अधिकार वादातीत होता. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यात एकही अपघात झाला नव्हता (जे झाले त्यातले नव्वद टक्के 'किरकोळ घटना' होत्या, उरलेले 'सराव').

रविवारी दुपारी बैठकीच्या खोलीतून सर्व धोकादायक वस्तू हलवण्यात आल्या : कात्री, ब्लेड, सुया, काचेची फुलदाणी, काचेचा आरसा आणि, काचेचेच असल्यामुळे, नवराबायकोचे चष्मे. सगळं कपाटात कुलूपबंद झालं. बायकोला कारखान्यातला प्लॅस्टिकचा सुरक्षा चष्मा मिळाला, ज्याला नंबर नव्हता, आणि कोपरापर्यंतचे जाड हातमोजे. काम करताना अंग झाकलेलं हवं, म्हणून साहेबांनी फोटोसाठी इस्त्री केलेला लांब बाह्यांचा शर्ट चढवला. वरचं बटण तेवढं उघडलं. आईला निरीक्षक नेमून दाराबाहेर खुर्ची दिली, कारण निरीक्षकाने सुरक्षित अंतर राखायचं असतं.

"अहो, मला काही दिसत नाहीये."

"दिसायची गरज नाही. पद्धत पाळ."

बायकोने चाचपडत काहीतरी छोटं, गोल, लोंबणारं पकडलं आणि संसारात साठलेला सगळा जोर लावून दोरा आवळला.

"दुखतंय का हो?"

"अजिबात नाही!" साहेब कृतार्थ झाले. "याला म्हणतात सुरक्षितता."

काम संपेपर्यंत जागेला हात लावायचा नाही आणि कपडे बदलायचे नाहीत, या नियमाने ते त्याच शर्टात झोपले. सकाळी चष्मे आणि आरसा अजून कुलपातच होते, आणि उशीवर दोऱ्यासकट ती पडलेली होती. इतरांना आठवडा लागतो. साहेबांचं काम एका रात्रीत झालं होतं. आईला मोतीबिंदू काढल्यापासून लख्ख दिसे, आणि घरात तेवढीच एक कटकट होती.

"अरे, चामखिळीला चार भोकं कशी?"

"मुळं असतात, आई."

"पण गळ्याला ती अजून..."

"निरीक्षणाची वेळ संपलीय," साहेब म्हणाले आणि निघाले.

आता झाकायचं काही उरलं नव्हतं. म्हणून नोकरीत पहिल्यांदाच साहेब गळा उघडा ठेवून कॅमेऱ्यासमोर बसले, आणि पहिल्यांदाच मनापासून हसले. एखादा माणूस एवढ्या अभिमानाने दाखवतोय म्हणजे ती त्याची लाडकी असणार, असं समजून फोटोग्राफरने उजेडही तिकडेच वळवला.

पुढे डॉक्टरांनी ती पाच मिनिटांत काढली. गळा स्वच्छ झाला. पण जिन्यातल्या फोटोत ती आहे, आणि फोटो मोठा करताना बिचारी तीही प्रमाणात मोठी झाली आहे. येणारा-जाणारा तिच्यापाशी थबकतो, गालातल्या गालात हसतो आणि मग हळूच स्वतःचा गळा चाचपतो. त्यासाठी त्याला कठडा सोडावा लागतो. साहेब निवृत्त झाल्यापासून जिन्यात किरकोळ घटना वाढल्या आहेत, त्या यामुळेच.

असो. तुमचा हात आत्ता गळ्यावर कशाला गेला, असं आम्ही विचारणार नाही. दोरा शोधायला उठाल, तेव्हा आधी चष्मा घाला म्हणजे झालं.